मातीची कैफियत

आमच्या घरच्या जुन्या दप्तरात, लाल खारव्याच्या बासनात बांधून ठेवलेल्या कागदांमध्ये, मोडी लिपीतील एक जीर्ण उतारा आहे. त्यावर इंदापूर तालुक्यातील आमच्या जिरायत तुकड्याची प्रत आण्यांत नोंदलेली असून, लहानपणी आजोबा तो उतारा उलगडून दाखवीत तेव्हा ‘आपली जमीन बारा आण्यांची’ हे शब्द ते अशा स्वरात उच्चारीत, की जणू घराण्यातील एखाद्या कर्त्या पुरुषाचा परिचय करून देत आहेत. पुढे वाचनात आले, की १८३५ साली याच इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी जमिनीच्या नव्या पाहणीस आरंभ केला आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम कायम झाले. प्रतबंदीचे कारकून शेतात जागोजाग खड्डे घेत, मातीचा रंग व पोत पाहून तिला तीनपैकी एका वर्गात घालीत आणि खोली हातांनी मोजून नऊ प्रतींपैकी एक प्रत ठरवीत. पावणेदोन हात खोल अशा उत्तम काळीला सोळा आणे मिळत, आणि चुनखड, वाळू, उतार असा एखादा दोष आढळला, की दर दोषामागे एकेक प्रत खाली उतरे.

ही पद्धती आपल्या परीने मोठी चोख होती. तथापि तिच्या मुळाशी असलेला प्रश्न सरकारचा होता, आणि तो एवढाच, की या जमिनीवर सारा किती बसवावा. आज आपल्या हाती जमीन आरोग्य पत्रिका आहे. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सूरतगढ येथून ही योजना देशभर सुरू झाली. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब अशा बारा बाबी ती पत्रिका आकड्यांत सांगते, आणि त्या आकड्यांवाचून खताचा हिशेब कोणाही सुज्ञ शेतकऱ्याने करू नये हे निर्विवाद आहे. परंतु पत्रिका पाहून झाल्यावरही माती हातात घेणाऱ्याच्या मनात एक प्रश्न उरतोच: ही माती जिवंत आहे की नुसती धूळ आहे, तिच्यात कुजण्याची आणि नव्याने बांधले जाण्याची क्रिया चालू आहे की थांबली आहे, आणि गेल्या वर्षी आपण तिच्यासाठी जे केले ते तिच्या अंगी लागले की नाही?

जुन्या न्यायदानात निकालाच्या आधी पक्षकाराची कैफियत लिहून घेत. कैफियत म्हणजे निकाल नव्हे, किंबहुना ती पूर्ण सत्य असेलच असेही नाही. पण ज्याच्याविषयी निकाल द्यावयाचा त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून एकदा ऐकून घ्यावे, ही त्यामागची न्यायबुद्धी होती. ज्या परीक्षेविषयी येथे लिहावयाचे आहे ती वर्तुळाकार मृदा-क्रोमॅटोग्राफी मला मातीच्या कैफियतीसारखी वाटते. एक गोल गाळणकागद, एक कागदाची वात, दोन द्रावणे आणि चिमूटभर माती एवढ्या सामग्रीवर माती आपले एक चित्र स्वतः उमटविते, आणि ही परीक्षा थोड्या दक्षतेने घरच्या घरी करता येते.

क्रोमॅटोग्राफी हा शब्द बोजड असला तरी तिचे तत्त्व शाळेत टाक आणि शाई वापरलेल्या प्रत्येकाने पाहिलेले आहे. टीपकागदावर काळ्या शाईचा थेंब पडून तो ओला झाला, की पाणी पसरत जाताना त्या एका काळ्यातून निळा, जांभळा, कधी पिवळसर असे निरनिराळे रंग वेगवेगळ्या अंतरांवर थांबतात. कारण शाईतील प्रत्येक द्रव्याची कागदाशी आणि पाण्याशी सलगी सारखी नसते, आणि ज्याला पाण्याची ओढ अधिक ते दूर जाते, ज्याला कागदाची अधिक ते मागे राहते. जर्मन रसायनज्ञ रुंगे याने कागदावर रासायनिक द्रावणे पसरवून उमटलेल्या अशा चित्रांचे एक पुस्तकच १८५५ साली प्रसिद्ध केले होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्स्वेत याने पानांतील रंगद्रव्ये वेगळी करताना या तत्त्वाला शास्त्राचे रूप दिले आणि ‘रंगलेखन’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. आणि मार्टिन व सिंज या ब्रिटिश संशोधकांनी ते इतके पुढे नेले, की १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले.

मातीला हे तत्त्व लावण्याचे श्रेय एरेनफ्रीड फायफर या जर्मन संशोधकाचे. १८९९ साली म्युनिक येथे जन्मलेला हा मनुष्य रुडॉल्फ स्टायनर यांच्या सहवासात वाढला आणि त्यांच्या ‘जैवगतिक’ शेतीचा प्रचारक झाला. नंतर तो अमेरिकेत स्थायिक झाला, आणि तेथे न्यूयॉर्क राज्यातील स्प्रिंग व्हॅली येथील प्रयोगशाळेत त्याने माती, शेणखत व कंपोस्ट यांची प्रत कागदावरील चित्रांवरून ओळखण्याची ही रीत बसविली. १९६१ साली तो वारला. स्टायनर यांच्या विचारसरणीतील अनेक गोष्टी विज्ञानाच्या कसोटीला उतरणाऱ्या नाहीत, हे येथे स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. परंतु कागदावर उमटणारे चित्र ज्या रासायनिक क्रियांनी घडते त्या कोणाच्या श्रद्धेवर अवलंबून नाहीत. अलीकडे लॅटिन अमेरिकेत हैरो रेस्त्रेपो आणि सेबास्तियाँव पिन्येरो यांनी या परीक्षेवर सविस्तर ग्रंथ लिहून ती सामान्य शेतकऱ्यांच्या हाती पोहोचविली, आणि तेथून ती जगभर पसरली.

त्या रासायनिक क्रिया थोडक्यात अशा. पहिले द्रावण सिल्व्हर नायट्रेटचे. मतदान केल्यावर आपल्या बोटाला जी न पुसणारी शाई लावतात तिच्यातील मुख्य द्रव्य तेच. उजेड लागताच काळे पडण्याचा जो गुण बोटावर दिसतो तोच येथे कागदावर उपयोगी पडतो. दुसरे द्रावण कॉस्टिक सोड्याचे. त्यात माती भिजत ठेवली, की पानापाचोळ्याच्या व शेणाच्या कुजण्यातून तयार झालेली तपकिरी सेंद्रिय द्रव्ये, जी साध्या पाण्यात सहसा उतरत नाहीत, ती या क्षारद्रावणात उतरतात. हे द्रावण सिल्व्हर नायट्रेटने भारलेल्या कागदावर मध्यापासून कडेकडे सरकू लागले, की त्यातील द्रव्ये आपापल्या ओढीप्रमाणे ठिकठिकाणी थांबतात, चांदीशी त्यांचा संयोग होतो, काही ठिकाणी ती चांदीला तिच्या क्षारातून मोकळी करून सूक्ष्म कणांच्या रूपाने कागदावर बसवितात, आणि मग कित्येक दिवस मंद उजेडात राहून त्या अदृश्य घडामोडीला रंग चढतो.

आता प्रत्यक्ष कृती. शेतातील माती घ्यावयाची तर पीक निघाल्यावर आणि खत घालण्यापूर्वी घ्यावी. बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा वर्ज्य करून सात-आठ ठिकाणी इंग्रजी व्ही या अक्षराच्या आकाराचे सुमारे १५ सेंटिमीटर खोल खड्डे घ्यावेत, त्यांच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडावी, सगळी एकत्र करून पसरावी, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, आणि असे पुनःपुन्हा करीत शेवटी मूठभर नमुना उरवावा. तो सावलीत वाळवून, खडे-मुळ्या वेचून, खलात घोटून वस्त्रगाळ करावा. हा खल स्वयंपाकघरातला नसावा. आणि या परीक्षेत वापरलेले एकही भांडे पुन्हा खाण्याच्या कामी आणू नये.

कॉस्टिक सोडा १० ग्रॅम घेऊन तो एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवावा, की एक टक्क्याचे द्रावण झाले. येथे नियम असा, की सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये; कारण विरघळताना तो तापतो आणि उसळून अंगावर येऊ शकतो. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्यावाचून त्याला हात लावू नये, ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये, आणि मुलांना जवळ फिरकू देऊ नये. या द्रावणाच्या ५० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम माती घालून बाटली हळुवार फिरवावी, १५ मिनिटांनी पुन्हा फिरवावी, तासाभराने तिसऱ्यांदा फिरवावी, आणि मग तिला न हलविता स्वस्थ ठेवावे. एकूण सहा तास झाले, की वरचा निवळ अर्क पिचकारीने अलगद काढून घ्यावा.

दरम्यान कागद सिद्ध करावा. १५ सेंटिमीटर व्यासाचा गोल गाळणकागद (व्हॉटमन क्रमांक १ किंवा ४) घेऊन त्याच्या बरोबर मध्यावर सुईने छिद्र पाडावे, आणि मध्यापासून ४ व ६ सेंटिमीटर अंतरांवर पेन्सिलीने बारीक खुणा कराव्यात. त्याच कागदाच्या दोन सेंटिमीटरच्या चौकोनाची निरांजनातील फुलवातीइतकी सुबक वात वळून छिद्रात बसवावी. पणतीएवढ्या काचेच्या बशीत अर्ध्या टक्क्याचे सिल्व्हर नायट्रेट (अर्धा ग्रॅम, १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात) घेऊन वातीचे टोक त्यात बुडेल असा कागद तिच्यावर आडवा ठेवावा. द्रावण वातीतून चढून कागदावर गोल पसरू लागते, आणि ते पहिल्या खुणेला पोहोचले, की कागद उचलून, वात काढून टाकून, दोन टीपकागदांमध्ये पूर्ण अंधारात काही तास वाळवावा. नंतर नवी वात घालून त्याच रीतीने मातीचा अर्क दुसऱ्या खुणेपर्यंत चढू द्यावा आणि कागद पुन्हा आडवा वाळवावा. मग थेट ऊन लागणार नाही अशा खिडकीशी तो आठ-दहा दिवस ठेवला, की चित्र पक्के होते.

माझा पहिला प्रयत्न फसला, आणि त्यातून मला जे समजले ते सांगण्याजोगे आहे. ऊर्ध्वपातित पाणी संपले म्हणून मी नळाचे पाणी घेतले, आणि सिल्व्हर नायट्रेटचे पारदर्शक स्फटिक पडताक्षणीच पाणी ताकासारखे पांढरे झाले. नळाच्या पाण्यात क्लोराइड असतात, आणि चांदी त्यांच्याशी तत्काळ संयोग पावून अविद्राव्य साका होऊन बसते. म्हणजे मातीची गाठ पडण्यापूर्वीच माझी चांदी खर्ची पडली होती. पुढे हीच गोष्ट उपयोगी पडली, कारण उरलेले सिल्व्हर नायट्रेट मोरीत ओतावयाचे नसते. ते पाण्यातील जिवांना घातक आहे. त्यात मिठाचे पाणी घालावे, साका बसू द्यावा, आणि तो साठवून एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विल्हेवाटीसाठी द्यावा.

दुसऱ्या खेपेस मी चार कागद एकाच दिवशी केले. एकावर नुसत्या सोड्याचे द्रावण, दुसऱ्यावर घराशेजारी इमारतीच्या पायासाठी खणून टाकलेला मुरूम, तिसऱ्यावर माझ्या गच्चीवरील तीन वर्षे मुरलेले पालापाचोळ्याचे खत, आणि चौथ्यावर गावाकडची ती बारा आण्यांची काळी. नुसत्या सोड्याचा कागद अवश्य करावा, कारण चांदी आणि सोडा एकत्र आले म्हणजे माती नसतानाही काहीसा तपकिरी रंग उमटतो, आणि जो रंग मातीचा नाही त्याचे श्रेय मातीला देण्याची चूक त्यामुळे टळते. दहाव्या दिवशी चारही कागद खिडकीत शेजारी शेजारी धरून पाहिले. मुरमाच्या कागदावर मधोमध एक करडी चकती आणि तिच्याभोवती जणू कर्कटकाने आखलेले, एकमेकांशी अबोला धरलेले दोन फिके पट्टे होते. पाचोळ्याच्या खताच्या कागदावर मात्र मध्याचा सायीसारखा पांढरा ठिपका हळूहळू सोनेरी होत गेला होता, त्या सोनेरीतून बारीक शिरा पिंपळाच्या जाळीदार पानाप्रमाणे फुटत बाहेर निघाल्या होत्या, आणि कडेला प्रत्येक शिरेच्या टोकाशी तपकिरी मेघखंडासारखी नक्षी झाली होती. एक रंग कोठे संपला आणि दुसरा कोठे लागला हे बोट ठेवून सांगता येत नव्हते.

फायफरच्या परंपरेतील वाचन साधारणपणे असे आहे. मधला भाग मातीतील हवेशी आणि नत्राच्या स्थितीशी जोडला जातो, आणि तो काळवंडलेला असेल तर माती दबलेली, हवा न खेळणारी आहे असा तर्क करतात. त्यालगतचे वलय खनिजांचे, त्यापलीकडचे सेंद्रिय द्रव्यांचे आणि अगदी कडेचे सूक्ष्मजीवांच्या कार्याचे मानतात. सोनेरी, नारिंगी, सायीचा हे रंग शुभ. करडा, काळा, जांभळा हे चिंतेचे. परंतु या साऱ्या भेदांहून महत्त्वाचे लक्षण म्हणजे वलयांचे एकमेकांत मिसळणे आणि मध्यापासून कडेपर्यंत जाणाऱ्या शिरांची सलगता. जेथे खनिज आणि सेंद्रिय द्रव्य एकजीव झाले आहे तेथे चित्रही एकजीव दिसते.

आणि आमची काळी? गावी शेती पाहणारे माझे धाकटे काका तो कागद हातात घेऊन बराच वेळ गप्प राहिले, आणि मग म्हणाले, “अगं, एवढी काळीभोर माती, आणि कागदावर अशी फिकी कशी?” हा प्रश्न आपल्या दख्खनच्या मातीच्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीचा काळा रंग पाहून ती सेंद्रिय द्रव्याने संपन्न असेल असे आपण पिढ्यान्‌पिढ्या धरून चाललो. वस्तुतः तो रंग आणि सेंद्रिय द्रव्याचे प्रमाण यांचा मेळ नाही. काकांच्या जमीन आरोग्य पत्रिकेत सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणजे ‘कमी’ या सदरात, नोंदलेला होताच. पण तो आकडा त्यांनी पत्रिकेत वाचून घडी घालून ठेवला होता, आणि ज्या गोष्टीने त्यांना बोलते केले ती मुरमाच्या कागदाशी नाते सांगणारी आमच्या काळीची वलये होती.

तथापि कैफियतीला निकाल समजण्याचा मोह निग्रहाने टाळला पाहिजे. या चित्रावरून नत्र, स्फुरद, पालाश किती हे कळत नाही, सामू कळत नाही, शिसे किंवा इतर विषारी धातू आहेत की नाहीत हे तर मुळीच कळत नाही. म्हणून शहरात जुन्या रंगकामाच्या वा कारखान्याच्या जागेवर भाजी लावणाऱ्याने प्रयोगशाळेतील तपासणीला हा पर्याय मानू नये. खारट जमिनीत क्लोराइड विपुल असतात, आणि चांदीशी संयोग पावलेले क्लोराइड उजेडात जांभळट होते. तेव्हा पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातल्या मातीच्या कागदावर जांभळी झाक आली तर ती निर्जीवपणाची की नुसत्या क्षाराची, हे चित्र एकटे सांगू शकणार नाही. हवेतील दमटपणा, उष्णता, कागदाचा गठ्ठा, वातीचे घट्ट वळण यांपैकी काहीही बदलले तरी चित्र बदलते. याशिवाय २०१५ साली लेमान आणि क्लेबर या दोघा मृदाशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकात असे प्रतिपादन केले, की क्षारद्रावणाने मातीतून जे ‘ह्यूमस’ म्हणून निघते ते मातीत त्याच रूपात असतेच असे नाही, त्यातील पुष्कळसे त्या काढण्याच्या क्रियेतच घडते. हा आक्षेप या परीक्षेच्या पायालाच भिडणारा आहे, आणि कडेच्या वलयाला थेट सूक्ष्मजीवांचे नाव देणाऱ्यांनी तो ध्यानात ठेवला पाहिजे.

मग एवढे करून हाती काय लागते? माझ्या मते, तुलना. दोन अनोळखी मातींची नव्हे, तर एकाच मातीची तिच्याशीच. तोच गट क्रमांक, तीच खोली, तोच महिना, त्याच गठ्ठ्यातील कागद, आणि दर खेपेस सोबत एखाद्या जपून ठेवलेल्या कोरड्या मातीचा एक कागद, म्हणजे हवामानाने केलेला फरक निराळा ओळखता येतो. एवढी शिस्त पाळली, की दोन वर्षांच्या कागदांतील भेद बोलू लागतो. त्याच्या साक्षीला आणखी दोन-तीन बिनखर्ची साक्षीदार उभे करावेत. पावसाळ्यात कुदळीने वीतभर लांब-रुंद-खोल ढेकूळ काढून त्यातील गांडुळे मोजावीत. वाळलेले ढेकूळ जाळीवर ठेवून पाण्यात अलगद बुडवावे आणि ते किती वेळ तग धरते ते पाहावे, कारण सेंद्रिय द्रव्याने बांधलेले ढेकूळ सहज विरघळत नाही. आणि काचेच्या बरणीत माती-पाणी घुसळून ठेवले, की वाळू, पोयटा आणि चिकणमाती यांचे थर आपापल्या वजनाने बसतात. या साऱ्यांचे म्हणणे कागदाशी जुळले तर विश्वास वाढतो, न जुळले तर पुन्हा पाहण्याची बुद्धी होते.

त्या वर्षीपासून काकांनी उसाचे पाचट आणि तुरकाट्या पेटविणे बंद केले, आणि बांधाच्या कडेने ताग पेरून फुलावर येण्याच्या सुमारास गाडला. दोन पावसाळ्यांनी केलेल्या कागदावर मधल्या चकतीची कड काहीशी विरलेली होती आणि पहिल्या वर्षी जेमतेम दिसणाऱ्या शिरा दुसऱ्या वलयापर्यंत पोहोचल्या होत्या. याहून अधिक दावा मी करणार नाही, आणि तेवढाही मी गांडुळांच्या मोजणीचा आधार असल्यामुळेच करते. हे कागद उजेडात काळे पडत जातात, म्हणून पाठीमागे तारीख, गट क्रमांक आणि खोली लिहून मी ते त्याच लाल खारव्याच्या बासनात, आण्यांच्या उताऱ्याशेजारी ठेवले आहेत.

यंदा वैशाखात काका पुण्यास आले ते सुटे आंबे आणि कागदाच्या तीन पुड्या घेऊन. प्रत्येक पुडीवर त्यांनी आपल्या वळणदार हस्ताक्षरात नाव घातले होते: ‘विहिरीकडची’, ‘मधली’, ‘ताग गाडलेली’. चहाला हात लावण्यापूर्वी त्यांनी मधली पुडी सोडली, चिमूटभर माती तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळली, नाकाशी नेली, आणि म्हणाले, “हिला काय म्हणायचं आहे ते बघ बरं.”